आवडते ते आणि निवडतो ते

‘मला ज्वारीची भाकर आवडते’ या चार शब्दांच्या वाक्यात क्रियापद कोणाच्या मागे जाते, हे पाहण्यासारखे आहे. बोलणारा पुरुष असो वा बाई, एकटा असो वा सगळे गाव, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. आंबा असेल तर तो आवडतो, भाकर असेल तर ती आवडते, चार भाकरी असतील तर त्या आवडतात. क्रियापदाचे लिंग आणि वचन वस्तू ठरवते. ज्याला आवडते तो माणूस ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला उभा असतो. घडते आहे ते वस्तूच्या बाजूने, आणि ते माणसाच्या वाट्याला येते आहे. हीच गोष्ट आजच्या इंग्रजीत सांगताना ‘मी’ला कर्त्याच्या जागी बसवावे लागते, भाकर त्याचे कर्म होते, आणि ‘लाइक’ हे क्रियापद माणसाची कृती बनते. पुढील प्रकरणांचा विषय हा फरक आहे. धाराशिव जिल्ह्याच्या बोलण्यात पसंतीनापसंतीचे शब्द कसे वापरले जातात, ते कुठून आले आणि ते कोणता भेद जपतात, याचा शोध या पुस्तकात घेतला आहे. त्यामागचे म्हणणे एकच आहे: आवडणे आणि निवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीने त्या आपल्या व्याकरणात वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि हा वेगळेपणा हरवला तर माणसांविषयीचे आपले निर्णय चुकू लागतात.

ही रचना मराठीने नव्याने घडवलेली नाही. पाणिनीने इसवी सनापूर्वीच्या काळात तिची दखल घेतली होती. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात त्याने नियम दिला की, ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंबरोबर जो प्रसन्न होतो त्याला ‘संप्रदान’ मानावे. संप्रदान म्हणजे दान घेणारा. त्याची विभक्ती चतुर्थी. देवदत्त आणि त्याला रुचणारा मोदक हे टीकाकारांचे ठरलेले उदाहरण. त्यात मोदक कर्ता आहे आणि देवदत्त घेणारा. वैयाकरणाने ब्राह्मणाला गाय देणे आणि देवदत्ताला मोदक रुचणे या दोन्ही गोष्टी एकाच कारकाखाली ठेवल्या, ही केवळ सोय नव्हती. रुची ही माणसाला मिळते, असे त्याला भाषेतच दिसले होते. ‘रुच्’ धातूचा मूळ अर्थ पाहिला की हे आणखी स्पष्ट होते. रुच् म्हणजे प्रकाशणे. जे डोळ्यांपुढे उजळते ते रुचते. ‘छंद’ या शब्दाचीही हीच कथा आहे. त्यामागच्या धातूचा अर्थ दिसणे, भासणे, बरे वाटणे असा आहे. त्याच धातूचे इराणी भावंड म्हणजे ‘सन्द्’, आणि त्यापासून फारसीतला ‘पसंद’ आला. बहमनी राज्याची स्थापना १३४७ची आणि हैदराबाद संस्थानाचा शेवट १९४८चा. या सहाशे वर्षांच्या फारसी-उर्दू कारभारात ‘पसंत’ मराठवाड्याच्या तोंडी इतका रुळला की तो परका वाटत नाही. खरे तर तो पुरता परका नव्हताच. घरचा ‘छंद’ आणि दरबारातून आलेली ‘पसंती’ हे फार जुन्या काळी दुरावलेले नातलग आहेत, आणि दोघांच्याही मुळाशी वस्तूचे दिसणे आहे, माणसाचे ठरवणे नाही.

इंग्रजीची वाटही फार काळ याच दिशेने जात होती. ‘लाइक’चे जुने इंग्रजी रूप ‘लीकियन’, आणि त्याचा अर्थ होता ‘प्रसन्न करणे, भावणे’. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘लीक’चा अर्थ देह, आकार. ‘सारखा’ या अर्थाचा इंग्रजी ‘लाइक’ याच घरातला, कारण सारखा म्हणजे त्याच आकाराचा. ज्याचा आकार जुळतो ते भावते, असा हा प्रवास. जुन्या इंग्रजीत वस्तू कर्ता असे आणि माणूस चतुर्थीत असे, अगदी ‘मला आवडते’सारखेच. ही रचना कशी उलटली हे समजावताना डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन याने राजा आणि नाशपती यांचे उदाहरण घेतले, आणि ते भाषाशास्त्रात प्रसिद्ध झाले. मूळ वाक्याची घडण होती ‘राजाला नाशपती आवडत’. विभक्तीचे प्रत्यय झिजले, तेव्हा राजा चतुर्थीत आहे हे ओळखण्याची खूणच उरली नाही. वाक्याच्या आरंभी जो येतो तो कर्ता, अशी सवय पक्की होत गेली आणि राजा कर्ता झाला. चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान हा पालट होत राहिला. शेक्सपियरच्या काळात दोन्ही रचना शेजारीशेजारी नांदत होत्या. म्हणजे इंग्रज माणसाने एके दिवशी आवडीची नवी कल्पना स्वीकारली आणि मग व्याकरण बदलले, असे झाले नाही. प्रत्यय गळाले आणि भूमिका बदलल्या. मराठीचे प्रत्यय टिकले, म्हणून जुना भेदही टिकला. स्पॅनिश आणि इटालियन या भाषांतही तो टिकला आहे. तिथेही आवडणारी वस्तू कर्ता असते.

इथे पहिली हरकत येते. ‘मला आवडते’ ही रचना मराठीचे वैशिष्ट्य कसले, ती तर द्रविड भाषांच्या शेजाराने पसरलेली सवय आहे, असे म्हणता येईल. हरकतीत तथ्य आहे आणि धाराशिव जिल्ह्यात तर ते कानांनी पडताळता येते. उमरगा तालुक्याची हद्द कर्नाटकाला भिडते. एकाच बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू येते. कन्नड बोलणारा ‘ननगे इष्ट’ म्हणतो, दखनी बोलणारा ‘मेरेकू पसंद है’ म्हणतो, मराठी बोलणारा ‘मला आवडतं’ म्हणतो. तिघांचे शब्द वेगळे, पण माणसाची जागा एकच. ‘पाहिजे’च्या बाबतीतही तसेच: ‘ननगे बेकु’, ‘मेरेकू होना’, ‘मला पाहिजे’. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे, असे मांडले. पुढे गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या भाषांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. एकत्र नांदणाऱ्या भाषा आपापले शब्द राखूनही वाक्याची घडण एकमेकींशी कशी जुळवून घेतात, हे त्यातून पुढे आले. तेव्हा शेजाराचा वाटा मान्य करायलाच हवा. पण शेजाराने ही रचना बळकट झाली असे म्हणणे वेगळे आणि शेजारानेच ती निर्माण केली असे म्हणणे वेगळे. पाणिनीचा नियम आणि जुन्या इंग्रजीची साक्ष पाहता, द्रविड भाषांशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्या भाषाही याच रचनेपाशी पोचल्या होत्या. एकमेकींपासून इतक्या दूरच्या भाषा जेव्हा एकच भेद दाखवतात, तेव्हा तो भेद अनुभवातच असावा, हे अनुमान जास्त सयुक्तिक ठरते.

आता क्रियापदांची दुसरी ओळ पाहू. निवडणे, ठरवणे, वरणे, पसंत करणे: यांच्याबरोबर माणूस ‘ला’ घेत नाही. तो ‘मी’ म्हणून उभा राहतो, आणि भूतकाळात ‘ने’ घेऊन केल्याची जबाबदारी स्वीकारतो: शेतकऱ्याने बियाणे निवडले, गावाने ठरवले. निवडणे हे मुळात हातांचे काम आहे. आजही ज्वारी निवडतात, तांदूळ निवडतात, मेथी निवडतात. खडा बाजूला काढतात, दाणा ठेवतात. ‘प्रिफर’ हा इंग्रजी शब्दही अशाच हातांच्या कामातून आला आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘उचलून पुढे ठेवणे’. म्हणजे आवडीचे शब्द दिसण्यातून, उजळण्यातून, आकारातून आले, तर निवडीचे शब्द हातांनी केलेल्या कामातून आले. ‘पसंत’ तेवढा दोन्ही ओळींत बसतो. ‘मला पसंत आहे’ ही आवड. ‘मी पसंत केली’ ही कृती. दरबारी वळण त्याच्या अंगी अजून आहे. पसंतीस ‘उतरावे’ लागते, पसंतीची ‘मोहोर’ उमटते. पसंत करणारा वर बसलेला असतो आणि समोरचा तपासला जात असतो. म्हणूनच लग्नाच्या बोलणीत हा शब्द इतका सहज बसला. ‘मुलगी पसंत केली’ या वाक्यात करणारे सासरचे लोक आहेत आणि मुलगी कर्म आहे. ‘तिला मुलगा आवडला का’ हा चतुर्थीतला प्रश्न किती घरांत किती पिढ्या विचारलाच गेला नाही! भाषेत दोन्ही वाक्ये तयार होती. त्यांतले एक बोलले गेले नाही. मुलीलाही आवड असते, हे सांगणारे व्याकरण आपल्यापाशी असताना आपण ते वापरले नाही, हा दोष समाजाचा आहे. तो भाषेवर ढकलता येणार नाही.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. व्याकरणावरून विचार ओळखता येत नाही, असे भाषाशास्त्रज्ञ बजावतील. इंग्रजी बोलणाऱ्यालाही आवड आपोआप जडते हे ठाऊक असते, आणि ‘मला आवडते’ म्हणणारा मराठी माणूस काही दरवेळी त्यातल्या चतुर्थीचे चिंतन करत नाही. हे खरे आहे, आणि मराठी माणूस वेगळा विचार करतो असा दावा इथे नाहीच. दावा मर्यादित आहे. आपल्या भाषेत एक भेद नोंदलेला आहे, आणि ज्याला तो वापरायचा असेल त्याला तो वापरता येतो. याच हरकतीची दुसरी बाजू अशी की, ‘मला’मध्येही कर्तेपणाचा अंश आहे. ‘त्याला आपलं गाव आवडतं’ या वाक्यातले ‘आपलं’ हे ‘त्याला’कडे बोट दाखवते, आणि असा मान मराठीत एरवी कर्त्याला मिळतो. म्हणजे क्रियापद वस्तूचे ऐकते, पण ‘आपलं’ माणसाचे ऐकते. ही हरकत मूळ म्हणण्याला बाधा आणत नाही, उलट ते नेमके करते. आवड नुसती वस्तूत नसते आणि नुसती माणसाच्या इच्छेतही नसते. ती दोघांच्या गाठीतून होते, आणि मराठी वाक्याने अधिकार दोघांत वाटून दिला आहे. तेरच्या गोरोबाकाकांना ज्या वारकरी परंपरेत मानाचे स्थान आहे, तिने ‘आवडी’ हा शब्द भक्तीसाठी इतका जवळचा मानला, त्यामागेही हेच कारण असावे. तिथे देवही निष्क्रिय नाही आणि भक्तही.

हा भेद ग्रंथांपुरता नाही, हे शेतात सर्वांत ठळक दिसते. धाराशिव, भूम, परंडा, कळंब या पट्ट्यात रब्बीची ज्वारी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. तिच्यातली मालदांडी ही १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक वाणांतून निवडली गेली. त्यानंतर अधिक उतारा देणारे वाण आले. ज्वारीचा पहिला संकरित वाण ‘सीएसएच-१’ १९६४ साली आला. संकरित ज्वारीने खरिपात पीक वाढवले, पण तिच्या भाकरीला मालदांडीची गोडी नव्हती. ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला तर तिचे दाणे काळे पडत, आणि जनावरांनाही मालदांडीचा कडबा जास्त आवडे. म्हणून ‘हायब्रीड’ पिकवली गेली, विकली गेली, वेळेला खाल्लीही गेली, पण घरच्या कणगीत मान मालदांडीलाच राहिला. गेल्या काही दशकांत याच जिल्ह्यात खरिपाचे शिवार सोयाबीनने भरले. सोयाबीन इथल्या ताटात जवळजवळ नाही. ते तेलगिरण्यांकडे जाते. मग शेतकऱ्याला सोयाबीन आवडते, असे म्हणायचे का? तो स्वतः तसे म्हणत नाही. त्याचा शब्द ‘परवडते’ हा आहे. ज्वारीच्या काढणी-मळणीची मजुरी परवडत नाही, सोयाबीन तीनेक महिन्यांत हाती पैसा देते. ‘परवडणे’ हेही ‘ला’ घेणारे क्रियापद आहे: मला परवडते, मला परवडत नाही. माणसाला आवडते एक, परवडते दुसरे, आणि त्या दोघांच्या कात्रीत त्याला निवड करावी लागते. रुचणे, पटणे, मानवणे, परवडणे, आवडणे या सगळ्या गोष्टी माणसावर येतात. निवडणे तेवढे त्याच्या हाती असते, आणि तेही परिस्थितीने मोकळीक दिली तर. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी लोकांना ‘खावी लागली’. त्या वर्षी निवड संपली होती. आवड मात्र संपली नव्हती, म्हणून तर मिलोच्या भाकरीची आठवण अजून नाराजीने काढली जाते.

यावर कोणी म्हणेल की, अशा रीतीने आवडीला फारच मोठे केले जात आहे. आवड आंधळी असते, अन्यायीही असते. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण तेच सांगते. मीठ तेच, पण ते घालणारी नावडती, म्हणून जिभेला चव लागत नाही. वस्तूचे ‘दिसणे’ मनाच्या कलाने विटाळू शकते, ही समज म्हण घडवणाऱ्यांना होती. याहून कठीण उदाहरण या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसांचा बळी घेतला. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद ही इथल्या लोकांच्या आवडीची घरे होती. उन्हाळ्यात ती गार राहत. त्याच भिंती आणि तीच माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. नंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि लोकांनी सिमेंटची घरे स्वीकारली. तिथे निवडीने आवडीवर मात केली आणि ते योग्यच होते. पण आवडते आणि निवडतो यांतला भेद मानला तरच या घटनेचा पूर्ण अर्थ लागतो. लोकांनी नवी घरे स्वीकारली, एवढ्यावरून त्यांना ती आवडली असे मानणारा नियोजनकार चुकतो. आणि त्यांना जुनी घरे आवडत होती, एवढ्यावरून तीच बांधू देणाराही चुकतो. घर टिकाऊ हवे हा निवडीचा भाग. अंगण, ओसरी, गोठा, शेजारची भावकी हवी हा आवडीचा भाग. दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले, तरच दोन्हींची उत्तरे मिळतात.

नेमकी हीच गल्लत आधुनिक विचारातही मोठ्या प्रमाणावर झाली आहे. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली अर्थशास्त्रात अशी मांडणी केली की, ग्राहकाच्या मनात शिरण्याची गरज नाही. तो बाजारात काय घेतो हे पाहिले की पुरे. पुढे याला ‘प्रकट पसंती’ असे नाव मिळाले. मोजमापाच्या दृष्टीने ही मांडणी उपयोगी होती, पण तिच्यात निवड हीच आवड मानली गेली. अमर्त्य सेन यांनी १९७० च्या दशकात यावर बोट ठेवले: माणूस कर्तव्यापोटी, सहानुभूतीपोटी, नाइलाजाने असे अनेक प्रकारे निवड करतो, आणि त्या प्रत्येक निवडीतून त्याचे स्वतःचे हित किंवा सुख वाचता येत नाही. सोयाबीन पेरणाऱ्या धाराशिवच्या शेतकऱ्याला हे समजवावे लागत नाही. ‘परवडते’ आणि ‘आवडते’ हे दोन शब्द त्याच्यापाशी आहेत. निवडणुकीतही हेच दिसते. मराठवाड्याच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो, आणि आपण ‘पहिल्या पसंतीची मते’ म्हणतो. हा क्रम निवडीचा आहे. पहिल्या क्रमांकाचा उमेदवार मतदाराला आवडतोच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर मतदानयंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला. समोर ठेवलेल्यांतून निवडावे लागणे म्हणजे आवडणे नव्हे, या साध्या सत्याला त्यामुळे कायदेशीर जागा मिळाली.

आणि अखेर ‘लाइक’ मराठीत आला तोही याच भेदाला मान देऊन. फेसबुकने २००९ साली ते बटण आणल्यापासून मराठी माणसे ‘लाइक करणे’ म्हणू लागली. ‘मला लाइक होते’ असे कोणी म्हणत नाही. ‘फोटो आवडला म्हणून लाइक केला’ असे म्हणतात, आणि ‘आवडला नव्हता, पण नात्यातला म्हणून लाइक केला’ असेही म्हणतात. इंग्रजीत जो शब्द आवड आणि खूण या दोहोंसाठी एकच आहे, तो मराठीने घेताना ‘करणे’ जोडून कृतीच्या ओळीत बसवला आणि आवडीची ओळ ‘आवडणे’साठी मोकळी ठेवली. हे कोणा भाषा-समितीने ठरवले नाही. बोलणाऱ्यांनी ते सहज केले. भेद जिवंत असल्याचा याहून चांगला पुरावा मागता येणार नाही.

पुढच्या प्रकरणांत अन्न, शेती, घर, लग्न, भक्ती आणि मतदान या क्रमाने धाराशिव जिल्ह्यातील पसंतीचे शब्द तपासले आहेत. वाचकाने ते भाषेच्या कौतुकासाठी वाचावेत, असा हेतू नाही. सर्वेक्षण करणारे, योजना आखणारे, शिक्षक, आईवडील, सगळेच रोज माणसांच्या आवडीनिवडींविषयी बोलतात, आणि या जोडशब्दातला पहिला भाग दुसऱ्यात विरघळवून टाकतात. मुलीने होकार दिला म्हणजे तिला आवडले, शेतकऱ्याने पेरले म्हणजे त्याला हवे होते, गावाने सही केली म्हणजे गाव खूश आहे, असे धरून चालणे सोयीचे असते. अन्यायकारकही असते. आपल्या भाषेने दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: ‘तू काय निवडलेस?’ आणि ‘तुला काय आवडते?’ पहिल्याचे उत्तर कागदावर मिळते. दुसऱ्यासाठी माणसाजवळ बसून ऐकावे लागते. माणसांविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी कधीही लिहू नये, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.